समग्र बाख कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

जर्मन संगीतकार बाखच्या सगळ्या रचनांच्या सीडींच्या खोक्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत, त्याचा मथितार्थ असा: दोनशेवर सीडी जमवणं हे संगीतप्रेम नव्हे, साठेबाजी. बाखच्या पंचवीसेक उत्तम रचना सोडल्या तर उरलेला सगळा दर रविवारी घातलेला रतीब. आणि हा पैसा आधी भीमसेनजी-किशोरीताईंच्या ध्वनिमुद्रणांवर घालायला हवा होता.

शेवटचं आधी. भीमसेनजी माझ्याकडे भरपूर आहेत, पण तिथे ‘समग्र’ला अर्थच नाही. प्रत्येक मैफिलीतला पुरिया धनाश्री वेगळा, आणि कितीतरी मैफिली टेपच झाल्या नाहीत. बाखचं सगळं कागदावर आहे. १९५० साली वोल्फगांग श्मीडर यांनी त्याच्या रचनांना क्रमांक देऊन सूची छापली, त्यामुळे काय मिळालं आणि काय राहिलं हे निदान विचारता तरी येतं.

आता रतीब. घातलाच की त्याने! १७२३च्या मे महिन्यात तो लाइपझिगला सेंट थॉमस शाळेत कँटर, म्हणजे चर्चच्या संगीताचा प्रमुख, म्हणून रुजू झाला आणि पहिली दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा (गायक-वादकांसाठीची अनेक भागांची रचना) उभा केला. लिहायचा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी नकला करून घ्यायच्या, घाईघाईत तालीम, की रविवार आलाच. अशा कामात सगळं अव्वल कसं असेल? काही ठिकाणची लांबलचक रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखे गायलेले तुकडे) मीही सरळ पुढे ढकलतो. पण तुमच्या त्या उत्तम पंचवीस निवडल्या कुणी? कँटाटा क्रमांक १२७ मधला सोप्रानोचा (सर्वांत उंच आवाजाचा) आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, मला अशा कुठल्याही निवडक संग्रहात आढळलेला नाही. रेकॉर्डर नावाच्या बासऱ्या तुटक तुटक सूर धरतात, त्यावर सनईसारखा ओबो लांब ओळ ओढत राहतो, आणि गाणारी मृत्यूच्या घंटांना ‘मला लवकर बोलवा’ म्हणाली की तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी त्या घंटा वाजवू लागतात. ११ फेब्रुवारी १७२५चा रतीब आहे हा!

पण खरा मुद्दा सुट्या रत्नांचा नाहीच. बाख स्वतःचंच संगीत पुन्हा पुन्हा वापरायचा, आणि हे त्याचं घरातलं देणंघेणं सगळं समोर असल्याशिवाय कानात भरत नाही. ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ (१७३४) ही ख्रिस्तजन्माची मोठी गायनकथा टिंपनीच्या एकट्या ठोक्यांनी सुरू होते. ख्रिस्तजन्माच्या आनंदगीतात आधी नगारा का? उत्तर कँटाटा २१४ मध्ये आहे. तो त्याने वर्षभर आधी सॅक्सनीच्या शासकाच्या पत्नीच्या वाढदिवसाला केला होता आणि त्याचे पहिले शब्दच ‘नगाऱ्यांनो, वाजा’ असे आहेत. शब्द बदलले, नगारे राहिले.

कँटाटा २१३ तर याहून भारी. हाही दरबारी वाढदिवसाचाच, राजपुत्रासाठी केलेला. त्यात विलासाची देवी हर्क्युलिसला भुलवायला अंगाई गाते: झोप राजा, सुख भोग. हीच अंगाई ओरॅटोरिओच्या दुसऱ्या भागात गोठ्यातल्या बाळ येशूसाठी येते! सोप्रानोची आल्टो (खालच्या आवाजाची) झाली, पट्टी खाली आली, सूर तेच. आणि हर्क्युलिस ज्या आरियात त्या देवीला ‘मला तुझं ऐकायचंच नाही’ म्हणून झिडकारतो, त्याच चालीवर पहिल्या भागात झायनला (भाविकांच्या नगरीला) प्रियकराच्या, म्हणजे येशूच्या, स्वागताची तयारी करायला सांगितलं आहे. झिडकारणं आणि आळवणं एकाच चालीत. आपल्याला याचं नवल वाटायला नको खरं तर. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’च्या पदांना चाली दिल्या त्या जुन्या बंदिशींवरूनच, आणि मूळ चीज ठाऊक असलेला श्रोता ते पद दुप्पट ऐकतो. बाखच्या बाबतीत मूळ चीज त्या ‘रतिबा’त आहे. निवडक संग्रहात ओरॅटोरिओ येईल, २१३ येणार नाही.

साठेबाजीचा आरोप मात्र एका बाजूने बरोबर आहे. खोक्यावरचा ‘समग्र’ हा शब्द प्रकाशकाचा असतो. १७५४ साली छापलेल्या बाखच्या मृत्युलेखात चर्चच्या कँटाटांचे पाच वार्षिक संच नोंदले आहेत. आज उरलेत दोनशेच्या आसपास. मृत्यूनंतर हस्तलिखितांची वाटणी झाली, आणि थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याने आपल्या वाट्यातली हलाखीत विकली. सेंट मार्क पॅशन या येशूच्या यातना-मृत्यूच्या गायनकथेचे शब्द आहेत, संगीत गेलं. उलट क्रमांक १५ आणि ५३ बाखचे नाहीतच असं ठरून बाहेर गेले. २००५मध्ये वायमारच्या ग्रंथालयात एक अनोळखी आरिया सापडला. त्याआधीच्या कुठल्याच ‘समग्र’ खोक्यात तो नाही. २०१८चा २२२ सीडींचा ‘बाख ३३३’ घ्या, तर २०२५च्या नोव्हेंबरमध्ये बाखच्या नावावर जमा झालेले ऑर्गनचे दोन शाकोन (खालची एकच ओळ फिरवत रचलेले तुकडे) त्यात नाहीत. हा संग्रह पुरा होत नाही हे मान्य. म्हणून पंचवीसवर थांबायचं, हे गणित मला पटत नाही.

आणि साठवायलाच हवं असंही नाही. एकाच हातचे सगळे कँटाटा हवे असतील तर मासाकी सुझुकी यांची कोबेत मुद्रित झालेली मालिका घ्या: ५५ खंड, १९९५ ते २०१३, सगळीकडे नेटकी. हार्नोनकूर्ट आणि लेओनहार्ट यांची १९७१पासूनची जुनी मालिका मला जास्त जवळची. तिथे बहुतेक वेळा सोप्रानोच्या जागी मुलगे गातात, कुठे कुठे सुराला कमी पडतात, तरी बाखच्या चर्चमध्ये गाणारे असेच मुलगे होते. पैसे घालायचेच नसतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीने कितीतरी रचनांचे उत्तम व्हिडिओ फुकट ठेवलेत. कुठूनही का होईना, २१३ची अंगाई आधी ऐका, मग लगेच ओरॅटोरिओचा दुसरा भाग लावा. त्यावरही भांडायचं असेल तर जरूर लिहा.