मॅडलिब नुसते लूप लावतो म्हणे!

मॅडलिब म्हणजे रॅपमागचं संगीत (बीट) करणारा अमेरिकन हिपहॉप निर्माता. त्याच्याबद्दल एक मत सध्या हातोहात फिरतंय. ते थोडक्यात असं: हा माणूस संगीतकार नाहीच. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलायचा, गोल फिरवत ठेवायचा (हाच लूप) आणि स्वतः गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. बोलत नाही म्हणून चाहत्यांनी त्याचा पार ऋषी करून टाकलाय. वर पुरवणी अशी की त्याला वाद्य येत नाही, काम गचाळ असतं आणि नाव झालं ते एमएफ डूम या रॅपरच्या मुखवट्यामुळे.

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

आधी लूपचं बघू, कारण मूळ भांडण त्याचंच. डूमबरोबर केलेल्या ‘मॅडव्हिलनी’ (2004) या अल्बममधलं ‘अकॉर्डियन’ घ्या. ते डेडलस या संगीतकाराच्या एका तुकड्यावर उभं आहे आणि त्या तुकड्याला मॅडलिबने फारसा हात लावलेला नाही. इथे टीकाकारांचं बरोबर. आता त्याच अल्बममधलं ‘मीट ग्राइंडर’ हेडफोन लावून ऐका. सुरुवात होते फ्रँक झापाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या रॉक बँडच्या तुकड्याने. मग मागून लू हॉवर्डच्या ‘हुला रॉक’मधली हवाईयन स्टील गिटार घसरत येते. ही गिटार ऐकली की एरवी समुद्र, सुट्टी, माडाची झाडं आठवायची. इथे ती कुणीतरी अंधारात दबा धरून बसल्यासारखी वाजते. मूळ दोन्ही रेकॉर्ड शोधून ऐका आणि त्या एकमेकींशेजारी ठेवायची कल्पना तुम्हाला कधी सुचली असती का, ते प्रामाणिकपणे सांगा. मला नसती सुचली. तुकडा कुठे कापायचा, किती वेळ मोकळा सोडायचा आणि रॅपर बोलायला लागला की त्याच्यासाठी किती जागा ठेवायची, हेच तर बीट करणाऱ्याचं काम. त्यात बटणं किती दाबली याला काय अर्थ?

उसन्या मालाचं श्रेय आणि परवानगी हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो सगळ्या हिपहॉपचा आहे. ‘बीट कंडक्टा इन इंडिया’मध्ये (2007) हिंदी सिनेमातल्या गाण्यांचे तुकडे आहेत. आपल्या कानांना ते लगेच ओळखू येतात आणि तिथे मलाही काही ठिकाणी वाटतं की गड्याने फार मेहनत घेतलेली नाही. तुकडा मुळातच इतका चांगला की तो आपोआप तरून जातो. त्या अल्बमवरून कुणी त्याला आळशी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

‘वाद्य येत नाही’ हे मात्र सरळ खोटं. 2001 मध्ये यस्टरडेज न्यू क्विंटेट नावाच्या जॅझ पंचकाचा ‘अँगल्स विदाउट एजेस’ आला. वादक पाच: मंक ह्यूज, अहमद मिलर, वगैरे. पाचही मॅडलिबच. म्हणजे की-बोर्ड, बास, ड्रम, व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), सगळं एकाच माणसाने वाजवलेलं. वडील गायक, ट्रम्पेटवादक जॉन फॅडिस नात्यातले, त्यामुळे सूर घरात होतेच. तो काही हर्बी हॅनकॉकसारखा कसलेला जॅझ पियानोवादक नाही, बोटं अडखळतात हे ऐकू येतं. पण अडखळणं आणि न येणं यात फरक आहे की नाही?

याच पंचकावरून गूढपणाच्या आरोपाचंही उत्तर मिळतं. खोटी नावं घेणं हेच ढोंग, असं म्हणतात. पण ज्याला स्वतःचं गूढ विकायचं आहे तो स्वतःचं नाव ठळक छापेल ना? इथे उलट आहे. 2004 मध्ये जॅझ की-बोर्डवादक वेल्डन अर्विनला वाहिलेली आदरांजली आली ती मंक ह्यूजच्या नावाने. दुकानात तो अल्बम हातात घेणाऱ्याला मॅडलिबचं नाव माहीत असायचं कारणच नाही. बरं, तो गुहेतही राहत नाही. डीजे म्हणून लोकांसमोर उभा राहतो, मुलाखती कमी देतो पण देतो. ऋषी आपण केला, त्याने दाढी वाढवून आपल्याला बोलावलं नव्हतं.

आणि चाहत्यांनाही एक सांगतो, तुम्हीच त्याची केस बिघडवता. ब्राझीलच्या हॉटेलच्या खोलीत छोटा टर्नटेबल, बॉस एसपी-303 सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) आणि टेपरेकॉर्डर घेऊन त्याने ‘मॅडव्हिलनी’तले काही बीट केले, ही गोष्ट तुम्ही पुराणकथेसारखी सांगता. ‘बँडाना’ (2019) या अल्बमचे बीट आयपॅडवर केले, हेही तसंच. साधन स्वस्त म्हणून माणूस थोर ठरत नाही, जसा तो लुच्चाही ठरत नाही. गचाळपणाचं म्हणाल तर 303 मध्ये ‘व्हिनाइल सिम’ नावाचा इफेक्टच आहे, जो आवाज दाबून जुन्या रेकॉर्डसारखा करतो. ती धूळ आवडत नसेल तर नका ऐकू. पण ती चुकून राहिलेली नाही.

डूमचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मॅडलिबचा ‘द अनसीन’ हा अल्बम 2000 सालचा, म्हणजे ‘मॅडव्हिलनी’च्या चार वर्षं आधीचा. त्यात क्वासिमोटो नावाचं चिरक्या आवाजाचं पात्र रॅप करतं, तोही मॅडलिबच: टेप हळू फिरवून सावकाश बोलायचं आणि मग वेग वाढवायचा.

राहता राहिला ‘साउंड अँसेस्टर्स’ (2021). तो खरं तर फोर टेट या नावाने काम करणाऱ्या संगीतकार कीरन हेब्डनचा अल्बम आहे असं म्हणणाऱ्यांना मी निम्मे गुण देतो. मॅडलिबने पाठवलेल्या शेकडो तुकड्यांतून निवड हेब्डनने केली, क्रमही त्यानेच लावला, आणि अल्बमची चाल ऐकताना ते जाणवतं. तेव्हा त्या एका अल्बमवरून मॅडलिब किती मोठा हे कुणी मला पटवू नये, आणि किती लहान हेही नको.