ऊन लागून गेलेल्या माणसांची नोंद कुठे आहे?

मे महिना आला की सगळीकडे पाऱ्याचीच चर्चा. आज अकोला पुढे की चंद्रपूर, ब्रह्मपुरी कितीवर गेलं, राजस्थानातल्या फलोदीचा 19 मे 2016 चा 51 अंशांचा विक्रम मोडला का? 29 मे 2024 ला दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9 अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने तपासून सांगितलं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. एका आकड्याची इतकी कसून तपासणी झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच उन्हाने देशात किती माणसं नेली, हा आकडा एवढ्या कसोशीने कोणीच तपासत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात उष्माघाताने 730 मृत्यू आहेत. वीज पडून 2,887. विजेचा धोका खराच मोठा आहे. अवकाळीच्या दिवसांत शेतात माणसं आणि जनावरं कशी जातात ते आपण दरवर्षी बघतो. पण वीज पडली तर गावाला कळतं, तलाठी येतो, पंचनामा होतो, मदतीचा अर्ज होतो. उन्हाचं तसं नाही. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 च्या वर जातं, माणूस बरळायला लागतो, शुद्ध हरपते, किडनी, यकृत, मेंदू एकेक करून कोलमडतात. दवाखान्यात पोचेपर्यंत कोणी ताप मोजला नसेल तर नंतर हातात फारसा पुरावा उरत नाही. शवविच्छेदनातही उष्माघाताचीच म्हणावी अशी ठळक खूण सापडत नाही. माणूस कुठे होता, किती वेळ उन्हात होता, काय काम करत होता, यावरूनच निष्कर्ष काढावा लागतो, आणि ते विचारायला सहसा कोणी थांबत नाही. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' लिहिलं जातं आणि विषय संपतो.

ही झाली उन्हात कोसळलेल्यांची गोष्ट. त्याहून कितीतरी जास्त माणसं घरात जातात. अंग थंड ठेवायचं तर रक्त त्वचेकडे ढकलावं लागतं, म्हणून हृदयाला जास्त काम पडतं. पत्र्याच्या खोलीत रात्रभर भट्टीसारखं तापलेलं छप्पर डोक्यावर, त्यात वीज गेलेली, आणि आतमध्ये सत्तरीची आजी, तिला आधीच बीपी नाहीतर हृदयविकार. पहाटे ती गेली तर घरचेही म्हणतात, वय झालं होतं. तिच्या मृत्यूचा उन्हाशी संबंध कागदावर कुठेच लागत नाही.

अशी माणसं मोजता येत नाहीत का? येतात. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. 1,344 जास्त निघाले. एका शहरात, एका महिन्यात! तो आकडा समोर आला, आणि 2013 मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तसा तो पहिला. लोकांना आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. आज देशातल्या कितीतरी शहरांचे आराखडे त्यावरूनच बेतलेले आहेत. आधी मोजलं, मग हललं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

नीट पाहिलं तर आपल्याकडे कोणाचे मृत्यू मोजले जातात तेही दिसतं. 1 जून 2024 ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या ड्यूटीवरचे 33 कर्मचारी गेले, ते कळलं, कारण त्यांची नावं सरकारच्या यादीत होती. 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात खारघरच्या मैदानावर 14 जण गेले, ते कळलं, कारण सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. तिथे तर पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. दमट हवा, डोक्यावर सावली नाही, आणि घाम वाळत नसला की शरीराचा मुख्य उपायच बंद पडतो. पण वीटभट्टीवरची बाई, नाक्यावर उभा राहणारा मजूर, स्लॅबवर काँक्रीट टाकणारा परराज्यातला पोरगा यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. ते गेले की घरच्यांपुरतेच जातात.

आणि याचा थेट संबंध पैशाशी आहे. 2021 ते 2026 या काळातल्या केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत 12 आपत्ती होत्या. त्यात थंडीची लाट होती, गारपीट होती, किडीचा हल्लासुद्धा होता. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो, आणि त्या वाटेने तमिळनाडूने 2024 मध्ये, तेलंगणाने 2025 मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती ठरवलं. तेलंगणात मृताच्या घरच्यांना चार लाख. निर्णय चांगलाच आहे. पण ते चार लाख मिळायला मृत्यू उन्हाने झाला हे आधी कागदावर यायला हवं ना!

काहीजण म्हणतात, असं मोजायला लागलं तर खोटे दावे येतील. येतील काही. खोट्या दाव्यांच्या भीतीने खरे मृत्यू लपवायचे, हे मला मान्य नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महापालिकेकडे आणि नगरपालिकेकडे जन्म-मृत्यूची नोंद असतेच. एप्रिल ते जून दर आठवड्याचे एकूण मृत्यू, मागच्या पाच वर्षांच्या त्याच आठवड्यांसह जाहीर करा. नवीन यंत्रणा लागत नाही, नवीन माणूस लागत नाही. आणि ग्रामीण रुग्णालयात उन्हातून बेशुद्ध आलेल्या प्रत्येकाचा ताप सलाईन लावायच्या आधी मोजून केसपेपरवर लिहा.

आपल्या हातातही एक गोष्ट आहे. ओळखीत, शेजारी, कामावर कोणी असं अचानक गेलं तर डॉक्टरांना आणि पंचनाम्याला आलेल्या पोलिसांना स्पष्ट सांगा: किती वाजता कोसळला, उन्हात किती वेळ होता, काय काम चालू होतं, अंग तापलेलं होतं का, बरळत होता का. आणि ते लिहून घ्यायला लावा.