रोप खुंटते ते कुंडी बदलल्याने नव्हे, उशिरा बदलल्याने

पावसाळा ओसरू लागला की मुंबईतल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: टोमॅटो, मिरची, काकडी, झेंडू अशा अल्पायुषी झाडांचे बी पहिल्या दिवसापासून मोठ्या कुंडीतच पेरावे, कारण लहान पेल्यातून हलवले की मुळांना धक्का बसून वाढ आठ-दहा दिवस थांबते आणि मोजक्या दिवसांच्या आयुष्यात ते दिवस भरून निघत नाहीत; कुंडी जितकी मोठी तितके रोप जोमदार; आणि हलवणे टळतच नसेल तर व्हिटॅमिन बी-१ चे पाणी द्यावे. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परंतु त्यातले बहुतेक म्हणणे चुकीचे आहे आणि जे बरोबर आहे ते भलत्याच झाडांना लावलेले आहे.

पहिला मुद्दा धक्क्याचा. गेलेले दिवस भरून निघत नसतील, तर कोकणातल्या भातशेतीचा अर्थच लागणार नाही. भात हेही काही महिन्यांचेच पीक आहे, आणि तिथे रोप अलगद हलवलेही जात नाही. साधारण तीन आठवड्यांचा तरवा, म्हणजे दाट पेरून वाढवलेली रोपे, मुळांसकट उपटतात, मुळांची माती धुतात, जुड्या बांधतात आणि मग चिखलात लावणी करतात. काही दिवस शेत पिवळट दिसते आणि नंतर फुटवे धरते. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटोही बहुतांशी रोपवाटिकेच्या प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये) कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, वाढलेल्या रोपांचाच असतो. कुंडी बदलल्याने टोमॅटो खुंटत असता, तर हे शेतकरी दर हंगामात रोपांसाठी पैसे मोजत राहिले नसते.

धक्का म्हणजे नेमके काय, हे पाहिले की गोंधळ बराच निवळतो. पाणी शोषण्याचे बरेचसे काम कोवळ्या मुळांवरचे अतिसूक्ष्म केस करतात. रोप उपटताना ते तुटतात, पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी मागत राहतात, आणि ही तूट भरून येईपर्यंत रोप पानांवरची छिद्रे मिटून बसते. छिद्रे मिटली की अन्ननिर्मितीही मंदावते. पेल्यातले रोप मातीच्या गोळ्यासकट सरकवले, तर ही तूट जवळजवळ निर्माणच होत नाही. म्हणजे वाफ्यातून उपटलेल्या रोपाचा अनुभव पेल्यातून सरकवलेल्या रोपाला चिकटवला गेला आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण संदेशातला खरा अंश इथे आहे. सगळी झाडे पुनर्लागवड सारखीच सोसत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातील डब्ल्यू. ई. लूमिस यांनी 1925 मध्येच भाज्यांची या दृष्टीने वर्गवारी केली होती. तीत कोबी आणि टोमॅटो सहज सोसणारे, मिरची आणि वांगे मध्यम, तर काकडीवर्ग, घेवडावर्ग आणि मका अवघड ठरले. तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे किती लवकर येतात आणि जुन्या मुळांवर पाणी अडवणारा बुचासारखा थर किती लवकर चढतो, यावर हा फरक मुख्यतः अवलंबून असतो. काकडी, दोडका, कारले, दुधी यांचे बी जागेवरच टोकावे, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे. मुळा आणि गाजर तर हलवूच नयेत, कारण सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात. पण काकडीचा नियम टोमॅटोला लावणे म्हणजे एकाचे पथ्य दुसऱ्याच्या ताटात वाढणे आहे.

तिसरे म्हणणे कुंडीच्या आकाराचे. 2012 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यास झाडाचे वस्तुमान सरासरी 43 टक्क्यांनी वाढते असे आढळले. अखेरची कुंडी ऐसपैस असावी, याबद्दल म्हणूनच वाद नाही. परंतु लहान कुंडीत झाड पुढे कोंडले जाते, यावरून बीही मोठ्या कुंडीतच रुजले पाहिजे असे सिद्ध होत नाही. चार पानांचे रोप पाणी अगदी थोडे उचलते. भोवतीची बादलीभर माती त्याच्या मुळांच्या आवाक्याबाहेर दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यात हवा खेळत नाही, आणि पिथियमसारख्या बुरशीला रान मोकळे मिळून रोप जमिनीलगत कुजून कोलमडते. जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आणि त्या काळात हवाही दमट असणाऱ्या मुंबईत हा धोका पुस्तकी नाही. एका पावसाळ्यात मी स्वतः दोन मोठ्या कुंड्यांत मिरची पेरली होती. दोन्हीकडची रोपे आठवड्याभरात आडवी झाली, तर त्याच पाकिटातले, चहाच्या कागदी पेल्यात खिडकीच्या आत ठेवलेले बी सुखरूप वाढले. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही, हे मान्य. पण कारण समजल्यावर आश्चर्यही वाटले नाही. शिवाय ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या घरात जाते. अशा चार कुंड्या खिडकीच्या ग्रिलवर महिनाभर नुसत्या बी रुजण्यासाठी टांगून ठेवण्याआधी ग्रिलचे वय आठवावे.

मग रोपे खुंटलेली दिसतात, ती का? बहुतेक वेळा कुंडी फार उशिरा बदललेली असते. पेल्याच्या भिंतीशी मुळे गोल फिरू लागली, अन्न संपले, दुपारी रोप माना टाकू लागले, तरी ते तिथेच राहते आणि नंतर दोष हलवण्याला दिला जातो. फ्लॉवरचे रोप असे ताटकळले की त्याला वेळेआधीच लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तो पुढे मोठा होत नाही. इथे दिवस खरोखरच भरून निघत नाहीत, पण ते थांबवून ठेवल्यामुळे. 1983 च्या सुमारास मादागास्करमध्ये आकाराला आलेल्या ‘श्री’ भातपद्धतीत रोपे आठ ते बारा दिवसांचीच लावतात. तिथेही कोवळेपणाचाच फायदा घेतलेला आहे.

व्हिटॅमिन बी-१ बद्दल थोडक्यात: निरोगी झाड ते स्वतःच्या पानांत तयार करते, हलवताना उपयोग होतो तो साध्या पाण्याचाच.

टोमॅटो किंवा झेंडूच्या रोपाला दोन-तीन जोड्या खरी पाने (रुजताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली आणि पेला उलटा केल्यावर गोळा न फुटता बाहेर येऊ लागला, की हलवण्याची वेळ झाली. तासभर आधी पाणी द्यावे, देठाला न धरता गोळा तळव्यावर घ्यावा. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल लावला तरी चालतो, कारण पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. बाकीची रोपे मात्र पूर्वीच्याच पातळीवर ठेवावीत. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हे काम संध्याकाळी करावे आणि पश्चिमेच्या ग्रिलवर रोप दोन-तीन दिवसांनीच न्यावे.