डेबियनने एलएसबी सोडलं, म्हणून प्रोग्राम चालत नाहीत?
‘डेबियनने 2015 मध्ये एलएसबी सोडलं, तेव्हापासून एका डिस्ट्रोवरचा प्रोग्राम दुसरीवर चालत नाही,’ असा मेसेज फिरतोय. (डेबियन ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार असा लिनक्सचा एक संच; एलएसबी म्हणजे ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’, एकच प्रोग्राम सगळ्या डिस्ट्रोंवर चालावा म्हणून ठरवलेलं मानक.) पहिला भाग खरा, दुसरा साफ चुकीचा. एलएसबीसाठी बांधलेले (कंपाइल केलेले) प्रोग्राम मुळातच नगण्य होते, म्हणून डेबियनने एलएसबीची बहुतेक पॅकेजेस काढली. फायली कुठे ठेवायच्या हे सांगणारं एफएचएस हे मानक मात्र डेबियनच्या धोरणात आजही आहे.

अडतं ते बहुधा जीलिबसीच्या, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्यावर अवलंबून असतात त्या सी लायब्ररीच्या, आवृत्तीत. उबुंटू या डिस्ट्रोच्या 22.04 आवृत्तीवर साधा सी प्रोग्राम बांधा आणि जुन्या 20.04 वर चालवा, एरर येतो: ‘जीलिबसी 2.34 सापडलं नाही’. डिस्ट्रो तर एकच! उलट, 20.04 वर बांधलेला 22.04 वर सहसा बिनतक्रार चालतो. त्यामुळे प्रोग्राम वाटायचा असेल तर कृपया जुन्या जीलिबसीवर बांधा.