गॉलमला कुठल्या रकान्यात बसवणार?

आज सकाळी तलावपाळीला आमचा पुस्तकांचा कट्टा जमला होता. विषय टॉल्किनची कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. एकाने चक्क तक्ता करून आणलेला. जादूगार गँडाल्फ मरून परत येतो, म्हणजे येशू. लेंबास, म्हणजे एल्फ लोकांचा प्रवासातला पाव, तो चर्चमधला पवित्र पाव. नायक फ्रोडो जी दुष्ट अंगठी नष्ट करायला गळ्यात घालून निघतो, ती म्हणजे क्रूस. त्यावर दुसरे गृहस्थ म्हणाले, "मग हा धर्मप्रचारच झाला, मुलांना देऊच नका." आणि माना डोलल्या! घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

अहो, टॉल्किनने हे लपवलं होतं का? हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असं त्याने १९५३ मध्ये एका मित्राला स्वतःच लिहिलंय. म्हणून काय झालं? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचून कोण बाटलं?

आणि तक्तेवाल्या मित्रा, अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, आणि जुन्या परंपरेत येशूच्या मृत्यूची तारीखही तीच मानतात. हे तुझं बरोबर आहे, मान्य. पण असा एकास एक अर्थ लावणं टॉल्किनला आवडत नसे, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. तुझ्या तक्त्यात गॉलम कुठे आहे, त्याच अंगठीच्या हव्यासाने पोखरलेला, ती परत मिळवायला फ्रोडोच्या मागे लागलेला?

आमच्या कोपरीच्या चाळीत बाबांचे एक चुलतभाऊ यायचे. दारू प्यायचे. एकदा आजीची पाटली उचलून नेली. तरी ते दारात आले की आजी पानावर भाकरी वाढायची. मी बारा वर्षांची, मला संताप यायचा.

फ्रोडो शेवटी हरतो हो! ज्वालामुखीच्या कड्यावर पोचून, अंगठी आगीत टाकायची सोडून, माझी म्हणतो. जग वाचतं ते गॉलममुळे, तो अंगठी हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो. आणि गॉलम तिथवर जिवंत असतो तो आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने, मग फ्रोडोने, अगदी शेवटी फ्रोडोचा सोबती सॅमनेही त्याला मारलं नाही म्हणून. लायकी न बघता केलेली दया. मला यातलं ख्रिस्तीपण दिसतं ते इथे. आजी विठ्ठलाची होती, तिला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

त्याआधीचा, डोंगरातल्या जिन्यावरचा प्रसंग आठवतोय का कुणाला? फ्रोडो झोपलाय. गॉलम हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावतो, क्षणभर नुसता थकलेला म्हातारा वाटतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन खेकसतो, आणि तो क्षण जातो तो जातोच. ते पान मला अजून सलग वाचवत नाही.

कारण एका दुपारी काका आजीसाठी पेरू घेऊन आले होते. शुद्धीत होते, दाढी केलेली होती. दार मी उघडलं आणि म्हटलं, "चोरून आणलेत ना?" काही बोलले नाहीत. पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि जिना उतरून गेले. पुन्हा आलेच नाहीत.

आजी मला रागावली नाही. संध्याकाळी तिने ते पेरू धुतले, चिरले, मीठ-तिखट लावून सगळ्यांना दिले. मलाही दिले.