पाहुण्यांची यादी आणि सरकारची जबाबदारी: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सरकारी कार्यक्रमांना येणाऱ्या पाहुण्यांकडून जी वैयक्तिक माहिती घेतली जाते, तिचे रक्षण सरकारी यंत्रणा कशा करतात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि काहीशी कडक प्रतिक्रिया दिली आहे. उत्तराला उशीर झाला, कारण आपण घेतलेल्या तीन आक्षेपांना एकच उत्तर पुरत नाही. आपला पहिला आक्षेप असा, की गरजेपुरतेच विचारावे, ज्याचे काम त्यालाच दाखवावे आणि काम संपले की नष्ट करावे, ही मी सांगितलेली तत्त्वे कागदावर शोभतात, पण चुकलेल्या खात्याला प्रत्यक्षात कोणी हात लावत नाही. दुसरा असा, की नाव आणि मोबाइल नंबर एवढीच तर माहिती असते, ती आधीच सतरा ठिकाणी गेलेली असते, मग एवढा खटाटोप कशासाठी? आणि तिसरा असा, की ‘गोपनीयता’ हा शब्द सरकारे पाहुण्यांसाठी कमी वापरतात आणि स्वतःसाठी जास्त, कारण कोण कोणाला भेटले हे झाकायला तो सोयीचा पडतो. यांपैकी पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे, तिसरा बहुतांशी मान्य आहे आणि दुसरा मुळीच मान्य नाही. (माहिती क्षुल्लक असेल तर ती सांडल्याबद्दल खात्याला शिक्षा का व्हावी, हा प्रश्न आपल्या पहिल्या दोन आक्षेपांनी आपसात सोडवायचा आहे.) म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून करतो.

‘नाव आणि नंबर’ हे वर्णन पत्रिका वाटण्याच्या टप्प्यापुरते खरे आहे. त्यापुढे सुरक्षा तपासणीसाठी जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो, पाससाठी छायाचित्र लागते, वाहनतळासाठी गाडीचा क्रमांक लागतो, परदेशातून येणाऱ्यांचे पारपत्र आणि विमानाची वेळ लागते, प्रवासखर्च द्यायचा असेल तर बँकखाते लागते. सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नावही लागते, आणि त्या व्यक्तीला तर अनेकदा कोणी काही विचारलेलेच नसते. तिची माहिती दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते. जेवणाचा रकाना सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो, परंतु अमुक मांस नको, अमुक दिवशी उपवास आहे, साखर चालत नाही, या तीन उत्तरांतून माणसाचा धर्म आणि आजार दोन्ही कळू शकतात. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमावलीत धर्मश्रद्धा आणि आरोग्य यांविषयीची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात घातलेली आहे. स्वयंपाकाची सोय पाहणाऱ्याला अमुक प्रकारची किती ताटे लागतील हा आकडा पुरतो, ती कोणाची आहेत हे त्याला कळण्याची गरज नसते. तरीही पाहुण्यांची संपूर्ण तालिका उचलून त्याच्याकडे पाठवली जाते, कारण आकडा काढून देण्यापेक्षा फाइल जोडून देणे सोपे असते.

शिवाय यादीत कोणताही नाजूक रकाना नसला तरी यादी ही स्वतःच एक माहिती असते. एखाद्या विशिष्ट आजाराच्या रुग्णांशी खात्याने केलेली सल्लामसलत, अत्याचारपीडितांसाठी बोलावलेली बैठक, एखाद्या धोरणाला विरोध असणाऱ्यांशी झालेली चर्चा यांची हजेरीपत्रके पाहा. तिथे नुसते नाव आले की बाकीचे सांगावे लागत नाही. अमेरिकेचा १९७४ चा प्रायव्हसी अ‍ॅक्ट अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयात ‘शत्रूंची यादी’ ठेवली जात होती हे जगजाहीर झाल्यानंतर, मंजूर झाला. नागरिक आपले भाषणस्वातंत्र्य किंवा सभास्वातंत्र्य कसे वापरतो याची नोंद, कायद्याने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज, त्या व्यक्तीने स्वतः परवानगी दिल्याखेरीज किंवा ती अधिकृत पोलिसी कामाच्या कक्षेत येत असल्याखेरीज, केंद्रीय यंत्रणांनी ठेवू नये, असे त्यात एक कलम आहे. कोण कोणत्या सभेला गेले, ही नोंद धोकादायक ठरू शकते, हे त्या कायदेमंडळाला संगणक टेबलावर येण्याच्या आधी समजले होते.

मी स्वतः काही वर्षे अशा कार्यक्रमांत नोंदणीच्या टेबलावर बसलो आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. यजमान कार्यालयाचे नाव इथे गैरलागू आहे. टेबलावर पॅडला लावलेला छापील तक्ता होता: अनुक्रमांक, नाव, हुद्दा, मोबाइल, ई-मेल, सही. पंचविसावा पाहुणा सही करायला वाकला की आधीच्या चोवीस जणांचे नंबर त्याच्या डोळ्यांसमोर येत. त्या दिवशी एका गृहस्थांनी सही करता करता मोबाइल काढून अख्ख्या पानाचा फोटो घेतला आणि ‘बरेच ओळखीचे दिसताहेत, संपर्कात राहता येईल’ असे मोकळेपणाने सांगितले. आम्हा तिघांपैकी कोणीही त्यांना अडवले नाही, कारण यात काही वावगे आहे हे आम्हाला सुचलेच नाही. कार्यक्रम संपल्यावर ते तक्ते उरलेल्या बॅजांबरोबर एका खोक्यात गेले, आणि ते खोके कोणाच्या ताब्यात गेले हे मला आजही सांगता येणार नाही. त्या कार्यालयात संगणकांना संकेतशब्द होते, दाराशी पहारा होता, आणि माहिती मात्र पेनला दोरी बांधलेल्या टेबलावर उघडी पडली होती.

आता आपला पहिला आक्षेप. मोठ्या यंत्रणांकडून झालेल्या चुका पाहिल्या तर त्याही आमच्या त्या पॅडपेक्षा फारशा वेगळ्या जातीच्या नसतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जी-२० शिखर परिषद भरली होती. तिच्या तोंडावर तिथल्या स्थलांतर खात्यातील एका कर्मचाऱ्याने ३१ आंतरराष्ट्रीय नेत्यांची नावे, जन्मतारखा, पारपत्र क्रमांक आणि व्हिसाचे तपशील असलेला ई-मेल चुकून एशियन कप या फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक आयोजन समितीला पाठवला. पत्त्याच्या चौकटीत पहिली अक्षरे टाइप करताच प्रोग्रामने जो पत्ता सुचवला तो न तपासताच पाठवण्याचे बटण दाबले गेले. त्या ३१ जणांत अमेरिका, रशिया, चीन, जर्मनी आणि भारत यांचे सर्वोच्च नेते होते. मिळालेला ई-मेल समितीने पुसून टाकला, धोका अत्यल्प असल्याचे खात्याने ठरवले, आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवण्याची गरज नाही अशी शिफारसही केली. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मिळालेल्या पत्रव्यवहारावरून वृत्तपत्राने २०१५ च्या मार्चमध्ये हे छापले, तेव्हा जगाला कळले. माहिती फुटल्यास संबंधितांना कळवणे ऑस्ट्रेलियात सक्तीचे झाले ते फेब्रुवारी २०१८ पासून. ज्यांच्या सभोवती इतका कडेकोट बंदोबस्त असतो त्यांची माहिती अशी जाते, तर शिक्षकांच्या सत्कार समारंभाची यादी कशी जात असेल याचा अंदाज आपण करू शकता.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे आहे, आणि ते आपल्या बाजूचेही आहे. २७ डिसेंबर २०१९ च्या रात्री तिथल्या मंत्रिमंडळ कार्यालयाने नववर्षाच्या सन्मानांची यादी संकेतस्थळावर चढवली आणि तिच्यात हजारांहून अधिक मानकऱ्यांचे घरचे पत्ते तसेच राहिले. फाइल २ तास २१ मिनिटे खुली होती आणि तेवढ्या वेळात ती ३,८७२ वेळा उघडली गेली. दुवा काढल्यानंतरही, ज्याच्याकडे फाइलचा नेमका पत्ता होता त्याला ती मिळतच होती. चौकशीत जे कारण पुढे आले ते मला फार बोलके वाटते. नव्या संगणकप्रणालीची मांडणीच अशी चुकली होती, की तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये पत्ते येत. ही गोष्ट कर्मचाऱ्यांच्या लक्षातही आली होती, पण वेळ कमी असल्यामुळे त्यांनी प्रणाली दुरुस्त करण्याऐवजी हाताशी असलेल्या फाइलमधले पत्ते काढले. पुढे नवी फाइल तयार झाली आणि पत्ते पुन्हा आले. माहिती संरक्षणावर देखरेख करणाऱ्या तिथल्या नियामकाने २०२१ मध्ये या कार्यालयाला ५ लाख पौंडांचा दंड केला आणि पुढच्याच वर्षी, सरकारी संस्थांबाबतच्या बदललेल्या धोरणानुसार, तो ५० हजार पौंडांवर आणला.

इथे आपण म्हणाल की बघा, हेच मी म्हणत होतो. आणि खरोखरच, खात्याने भरलेला दंड करदात्याच्या पैशातून निघतो आणि सरकारच्याच तिजोरीत जमा होतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, यापेक्षा नेमके वर्णन मला सुचत नाही. युरोपीय नियमावलीनेही सरकारी संस्थांना दंड लावायचा की नाही, हे प्रत्येक सदस्य देशावर सोडले आहे. अमेरिकेच्या वर सांगितलेल्या १९७४ च्या कायद्यात माहिती बेकायदा उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड सांगितला आहे, परंतु तो जाणूनबुजून केलेल्या कृत्यासाठी; ब्रिस्बेनसारखा निष्काळजीपणा त्या शब्दांत बसत नाही. त्याच कायद्यात आणखी एक बारीक गोम आहे: त्याची बहुतेक बंधने अशाच नोंदसंग्रहाला लागू होतात, ज्यातून माणसाची माहिती त्याच्या नावाने किंवा ओळखक्रमांकाने शोधून काढली जाते. पाहुण्यांची यादी कार्यक्रमाच्या तारखेने लावून ठेवली आणि नावाने कधी शोधलीच नाही, तर माहिती तीच असूनही कायद्याची बरीचशी कलमे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. माझ्या लेखात हे यायला हवे होते.

तरीही उरलेला अर्धा आक्षेप मी मान्य करत नाही. २ तास २१ मिनिटे आणि ३,८७२ हे आकडे आपल्याला माहीत आहेत ते खात्याबाहेरच्या नियामकाला चौकशीचा अधिकार होता म्हणून. जिथे असा नियामक नाही तिथे चूक होत नाही असे नसते, ती फक्त मोजली जात नाही. दंड लहान असला तरी चूक कुठे झाली हे छापून आल्याने, दुसऱ्या एखाद्या कार्यालयातला कारकून ‘फाइलमधले नको, मुळातले दुरुस्त करा’ असे वरिष्ठाला सांगू शकतो, आणि माझ्या अनुभवात कारकुनाच्या हातात असा छापील आधार असणे ही लहान गोष्ट नाही.

माझ्या मते खरे संरक्षण मात्र कुलपांपेक्षा न विचारण्यात आहे, कारण जे घेतलेच नाही ते सांडत नाही. सुरक्षेसाठी घेतलेली जन्मतारीख आणि क्रमांक तपासणी करणाऱ्या शाखेकडे परस्पर जावेत, आसनव्यवस्था पाहणाऱ्याच्या तालिकेत ते रकाने असूच नयेत. कार्यक्रम बहुधा बाहेरच्या व्यवस्थापन कंपनीकडे दिलेला असतो आणि अर्ज कुठल्यातरी ऑनलाइन सेवेवर भरला जातो; त्यांच्याशी झालेल्या करारात माहिती कधी परत करायची किंवा पुसायची हे लिहिलेले नसेल, तर खात्याचे स्वतःचे नियम कितीही कडक असले तरी यादी मंडप काढणाऱ्यांबरोबर निघून जाते. दारावरच्या टेबलावर स्वयंसेवकाने आपल्याकडच्या यादीत खूण करावी, पाहुण्यापुढे तक्ता सरकवू नये. आणि सर्वांना एकत्र ई-मेल करताना पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा चौकटीत टाकावेत.

संमतीविषयी आपण लिहिले आहे की ‘मी सहमत आहे’ या खुणेला काही अर्थ नाही, आणि तिथे आपण कायद्याच्याच बाजूला आहात. माहिती मागणारी संस्था आणि ती देणारा माणूस यांच्या बळात स्पष्ट तफावत असेल, विशेषतः मागणारे सरकार असेल, तर संमतीचा आधार टिकणे कठीण, असे युरोपीय नियमावलीच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. ओळखपत्राचा क्रमांक दिल्याशिवाय फाटकातून आत सोडणार नसाल, तर ती संमती नाही, ती प्रवेशाची अट आहे, आणि तसेच लिहावे. अमेरिकी कायदा फॉर्मवरच चार गोष्टी सांगायला लावतो: कोणत्या अधिकाराने विचारतो, कशासाठी विचारतो, कोणाला देऊ शकतो, आणि देणे ऐच्छिक आहे की सक्तीचे व न दिल्यास काय होईल. रुक्ष मजकूर असतो, कोणी वाचत नाही हेही खरे, पण तो लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याला प्रत्येक रकान्याचे कारण द्यावे लागते, आणि कारण सापडले नाही की रकाना गळतो. मला त्या मजकुराचा खरा उपयोग हाच वाटतो.

तिसऱ्या आक्षेपाला व्हाइट हाउसचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे येणाऱ्याला सुरक्षा तपासणीसाठी जन्मतारीख आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक द्यावा लागतो. २००९ मध्ये ओबामा प्रशासनाने भेट देणाऱ्यांच्या नोंदी काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध करायचे ठरवले: नाव, वेळ आणि कोणाची भेट एवढे जाहीर, जन्मतारीख, क्रमांक आणि फोन नंबर झाकलेले, आणि काही संवेदनशील व खासगी भेटी वगळलेल्या. अध्यक्षांच्या कार्यालयाला भेटणाऱ्यांच्या नोंदी माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागता येणार नाहीत, असा निर्णय वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. म्हणजे प्रसिद्धी ही सरकारच्या मर्जीची बाब राहिली. एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती थांबवली, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या बरोबरीने पाहुण्यांची गोपनीयता हे कारण दिले. २०२१ मध्ये बायडन प्रशासनाने ती पुन्हा सुरू केली. पाहुण्याच्या नावाने यजमानाला झाकण्याचा आपण म्हणता तो प्रकार इथे दिसतो, असेच माझेही मत आहे. पण त्यावरचा उपाय गोपनीयता सोडून देण्यात नाही, कारण ओबामा प्रशासनाच्या काळातील पद्धतीनेच दाखवून दिले होते की त्याच एका यादीतील काही रकाने उघडे आणि काही बंद ठेवता येतात. पदावरचा माणूस कोणाला भेटला हे लोकांचे आहे, भेटायला आलेल्याची जन्मतारीख लोकांची नाही.

शेवटी आपण विचारले आहे की पुढचे निमंत्रण आल्यावर आपण नेमके काय करावे. जो रकाना सक्तीचा नाही तो रिकामा सोडावा. सोबत येणाऱ्याचे नाव भरण्यापूर्वी त्याला सांगावे. जेवणाबद्दल ‘काय चालते’ एवढेच लिहावे, का ते लिहू नये. आणि निमंत्रणावरील संपर्क पत्त्यावर एकच प्रश्न पाठवावा: ही यादी कोणत्या तारखेला नष्ट होणार आहे? मी गेल्या काही वर्षांत तो अनेकदा विचारला आहे. तारीख दोनदा मिळाली, एकदा आश्चर्य व्यक्त झाले, आणि बाकी वेळा उत्तर आले नाही.

मूळ लेखात ‘पाहुण्यांची माहिती सुरक्षित राहते’ असे माझे वाक्य होते. आपल्या प्रतिक्रियेनंतर मी ते ‘सुरक्षित ठेवणे यंत्रणेवर बंधनकारक असते’ असे बदलले आहे, आणि बदल केल्याची नोंद तिथेच खाली ठेवली आहे.