बार्शी लाइटला हसण्याआधी तिचं गणित बघा

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की ठरलेला विनोद येतोच: चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं. हसायला हरकत नाही. पण त्यावरून 'अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) म्हणजे खेड्यांच्या गळ्यात बांधलेलं खेळणं' असा निष्कर्ष काढतात, तो साफ चुकीचा आहे.

जीआयपी, म्हणजे मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, 1860 मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शी बाजूला राहिली. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि रूळ तिच्यापासून वीसेक मैलांवरून गेले. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. (स्टेशनाच्या नावात 'रोड' दिसलं की समजायचं, गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथं आहे.) मधलं अंतर बैलगाड्यांचं. जीआयपीत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने हे हेरलं. 1895 मध्ये लंडनला कंपनी नोंदवली गेली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर.

कॅलथ्रॉपची खरी करामत गेजमध्ये नव्हती, अ‍ॅक्सल लोडमध्ये, म्हणजे चाकांची एक जोडी जोडणाऱ्या आसावर येणाऱ्या भारात होती. रुळाला गाडीचं एकूण वजन कळत नाही, एका अ‍ॅक्सलखाली किती वजन येतं तेवढंच कळतं. त्याने नियम घातला: इंजिन असो, डबा असो की वॅगन, कुठल्याही अ‍ॅक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार नको. मग 30 पौंडी रूळ पुरतो, म्हणजे यार्डाला 30 पौंड, मीटरला साधारण 15 किलो. दोन्ही रूळ धरून किलोमीटरला 30 टन पोलाद. आजच्या ब्रॉडगेजच्या 60 किलोच्या रुळाला तेवढ्याच अंतरात 120 टन लागतं. स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके), पूल, भराव, सगळ्याचा खर्च याच प्रमाणात खाली येतो. कापूस आणि धान्यावर चालणाऱ्या लाइनला एरवी कुणी भांडवल घातलं नसतं.

हा नियम पाळायला गाड्याच वेगळ्या लागल्या. वॅगन 25 फुटी, चार अ‍ॅक्सलची, खालचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. चार अ‍ॅक्सल गुणिले 5 म्हणजे एकूण 20 टन, त्यातला 15 टनांच्या आसपास निव्वळ माल! सांगाडा जड झाला असता तर तेवढा माल कमी भरावा लागला असता. किटसनच्या कारखान्यातल्या इंजिनांना आठ चाकं दांड्यांनी जोडलेली आणि मागे कोळशाचं ओझं पेलायला आणखी चार. ही सामग्री जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला चाचणीचा मार्ग टाकून चालवून पाहिली होती. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं, हे सहज जाता जाता.

मग गाडी हळू का? एक कारण पायाखालचं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एका बाजूचा रूळ 10 मिलिमीटर खचला तर ब्रॉडगेजवर गाडी जेवढी कलते, त्याच्या दुपटीहून जास्त ती 762 मिलिमीटरवर कलते, कारण पायाच निम्म्याहून कमी रुंद. वर हलका रूळ जोडापाशी आधी दबतो; तिथला स्लीपर हलायला लागला की खालची खडी मातीत जाते आणि पुढची गाडी तोच खड्डा आणखी खोल करते. गँगमननी रूळ उचलून पुन्हा खडी ठोकायची, हाच त्यावर इलाज. त्यात कुचराई झाली की वेगमर्यादा लागलीच.

पण वेगामुळे ही लाइन मागे पडली, हे मला पटत नाही. खरं दुखणं कुर्डुवाडीच्या फलाटावर होतं: गेज बदलला की माल उतरवा, पुन्हा चढवा. आजची 170 किलोची गाठ धरली तर वजनाच्या हिशेबाने 15 टनांत 88 गाठी होतात. प्रत्येक गाठ एका वॅगनमधून काढून दुसऱ्यात रचायची. वॅगनला वॅगन जुळत नाही, म्हणून एक बाजू कायम ताटकळत उभी. हमाली, फाटलेलं बारदान, पावसात भिजलेला माल, गळती, सगळं भाड्यावर चढतं. अंतर जितकं कमी तितका हा भुर्दंड जास्त बोचतो. ट्रक आल्यावर व्यापाऱ्याने साधा हिशेब केला: गोदामातून भरायचं आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायचं.

कॅलथ्रॉपला हे कळत नव्हतं असंही नाही. इंग्लंडमधल्या त्याच्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनवर मोठ्या गेजची वॅगन अख्खीच छोट्या गेजच्या वाहक गाडीवर चढवून नेत. ती लाइन 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. बार्शी लाइट मात्र वाढत गेली: 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, एकूण सव्वातीनशे किलोमीटर. 1 जानेवारी 1954 ला ती सरकारकडे आली.

गेजबदल म्हणजे जुने रूळ उचलून नवे टाकणं, असं वाटतं, तसं नसतं. अ‍ॅक्सलवर 20 टनांहून जास्त येणार म्हटल्यावर 5 टनांचे पूल कामाचे राहत नाहीत, भराव रुंद करावा लागतो, वळणं सरळ करावी लागतात. कुर्डुवाडी-लातूर 2008 पर्यंत ब्रॉडगेज झालं, तेव्हा मार्गही बदलला. छोटी लाइन येडशीहून परस्पर जायची आणि उस्मानाबाद, आताचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असून स्टेशनाविना राहिलं होतं. नव्या लाइनने त्याच्यासाठी मुद्दाम वळसा घेतला.